गाडी लेट झाली की बरं वाटतं, असं का?

प्रिय काकू,

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते. लग्नाला दोन वर्षं झाली. गेल्या ऑगस्टपासून वर्ध्याला एका पतसंस्थेत नोकरीला आहे, तेव्हापासून अपडाऊन सुरू आहे. सकाळी सातला घर सोडते, अजनीवरून मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची लोकलसारखी गाडी, पकडते, सव्वानऊला ऑफिसात. संध्याकाळी सहाला सुटते, घरी यायला सव्वाआठ.

पहिले दोन महिने दारापाशी उभी राहून गेले. मग महिलांच्या डब्यातल्या ग्रुपने मला घेतलं. ज्या बायका नागपूर स्टेशनवर चढतात त्या आम्हा अजनीवाल्यांसाठी रुमाल, ओढणी, डबा, जे असेल ते टाकून जागा धरतात. बुटीबोरीला एमआयडीसीवाल्या दोघी उतरल्या की मोकळ्या जागेवर पेपर अंथरून आम्ही डबे उघडतो. खरं सांगते, त्या अर्ध्या तासासाठी मी सकाळी उठते.

गेल्या महिन्यात सिंदीला एक आजी चढल्या. हातात दवाखान्याची फाईल, पिशवी. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "इथं कोनी बसून राहिलं का वं माय?" मी म्हटलं, "हो, येऊन राहिल्या." कोणी येणार नव्हतं. तिथं पोह्यांचा डबा होता. आजी सेवाग्रामपर्यंत उभ्या राहिल्या. ग्रुपमधली एक ताई म्हणाली, "बरं केलंस. एकीला दिली की उद्या चार येतात." तेव्हापासून पोहे घशाखाली उतरत नाहीत.

घरी थकले म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "गाडीत बसूनच तं जाते." नवरा म्हणतो, वर्ध्याला रूम कर नाहीतर नोकरी सोड, पण रोजची कटकट नको. परवा येताना गाडी बोरखेडीला चाळीस मिनिटं उभी होती. सगळ्या वैतागल्या, मला मात्र का कोण जाणे बरं वाटलं.

ग्रुप सोडू का? रूम करू का? की होईल सवय म्हणून गप्प राहू?

– एक अपडाऊनवाली, मानेवाडा

*

पोरी,

तू तीन प्रश्न विचारलेस आणि चौथी गोष्ट जाता जाता लिहून टाकलीस. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चौथीपाशीच अडले. बोरखेडीला गाडी चाळीस मिनिटं उभी राहिली आणि तुला बरं वाटलं.

बाप्पा, वाटणारच. ऑफिस सुटलेलं, घर अजून लागलेलं नाही, आणि उशिराचा दोष सिग्नलच्या माथी. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तुझ्या दिवसात एवढीच चाळीस मिनिटं अशी होती की ज्यांचा जाब कोणी तुला विचारणार नव्हतं. फोन आला असेल तर तू "गाडी उभी आहे" म्हणाली असशील आणि समोरचाही गप्प बसला असेल. म्हणून मी तुझ्या प्रश्नांचा क्रम मोडते. आधी घर, मग आजी, मग रूम.

मी ह्याच रुळांवरून एकवीस वर्षं अपडाऊन केलं. १९८९ साली सुरू केलं तेव्हा मेमू नव्हती, पॅसेंजर होती, आणि आमच्या ग्रुपमध्ये कोणाला कोणाचं आडनाव धड माहीत नसायचं. एक शाळावाल्या बाई, एक दवाखान्यातल्या सिस्टर, एक टेलिफोनवाल्या ताई. मी 'तहसीलवाली'. सिस्टर दोन वर्षांनी बदलून गेल्या तेव्हा निरोपाच्या कार्डावर काय लिहायचं म्हणून आमची पंचाईत झाली होती.

तर त्या पॅसेंजरमध्ये मी एक चूक केली, ती तू करू नकोस म्हणून सांगते. एका संध्याकाळी वर्ध्याच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन गाडीत बसले. गाडी स्टेशनाबाहेर आऊटर सिग्नलला उभी, करमेना, म्हणून बसल्या बसल्या मेथी निवडून टाकली. घरी गेल्यावर कौतुक झालं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निवडून नेली. तिसऱ्या आठवड्यात न निवडता नेली तर सासूबाई म्हणाल्या, "आज गाडीत झोपली होती काय?" पुढे पालक आला, गवार आली. हिवाळ्यात सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलत मी बुटीबोरी, गुमगाव, खापरी काढायची आणि उतरताना पदर झटकून सालं प्लॅटफॉर्मवर पाडायची. माझ्या हातात असलेला एकमेव मोकळा वेळ मी स्वतःच्या हातांनी घराला नेऊन दिला, आणि वर सहा-सात वर्षं "मला वेळच मिळत नाही" म्हणून रडत बसले. तुझ्या पत्रात भाजीचा उल्लेख नाही, पण सव्वाआठला घरी पोचून स्वयंपाक तूच करत असशील असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर कळव, आनंदच होईल.

अपडाऊनचे तास कोणाच्याच वहीत नसतात बघ. ऑफिसची हजेरी तू खुर्चीत बसल्यावर सुरू होते. घरचं गणित तू दारात चप्पल काढलीस की सुरू होतं. मधला वेळ म्हणजे प्रवास, आणि प्रवास म्हणजे आराम, "बसूनच तं जाते." तुझे तास मी मांडून पाहिले. जाताना सव्वादोन, येताना सव्वादोन, दिवसाचे साडेचार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकशे साडेबारा तास. आठ तासांची एक हजेरी, असं मोजलं तर चौदा हजेऱ्या झाल्या. म्हणजे महिन्याला पंचवीस दिवस पगारी आणि वर चौदा दिवस बिनपगारी, असं एकोणचाळीस दिवसांचं काम तू तीस दिवसांत करतेस. हे कागदावर लिही. भांडणासाठी लिहू नकोस. रविवारी दुपारी, सगळ्यांची पोटं भरलेली असताना, नवऱ्यापुढे ठेव. 'थकले' ह्या शब्दावर वाद घालता येतो, एकशे साडेबारावर घालायला जरा जड जातं. आणि नवऱ्याकडे सगळं काही मागू नकोस. एकच माग. आठवड्यातले दोन वार, समजा सोमवार आणि बुधवार, रात्रीची भाजी आणि कुकर त्याचा. "मदत करा" म्हणालीस तर तो कोथिंबीर धुऊन देईल आणि मोकळा होईल. वार ठरवून दिला की तो वार त्याचा होतो, मग कांदा संपला असला तरी त्याचा त्यालाच आणावा लागतो.

सासूबाईंबद्दल मला राग नाही. दिवसभर एकटी बाई घरात असते, तिला सून कुठून तरी बाहेरून हिंडून आली एवढंच दिसतं. ती गाडी तिने पाहिलेलीच नसते. मी माझ्या सासूबाईंना एकदा सेवाग्रामचा आश्रम दाखवते म्हणून नेलं, आणि मुद्दाम सुटीच्या दिवशी नेलं नाही. सोमवारी, माझ्याच गाडीने नेलं. बापूकुटी वगैरे त्यांनी पाहिली, छान आहे म्हणाल्या. वर्ध्याला गोरसपाक घेतला. येताना मात्र बुटीबोरीपर्यंत उभं राहावं लागलं. घरी आल्यावर त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, पण मेथीची चौकशी बंद झाली. महिन्याभराने पुन्हा सुरू झाली, ते सोड. एक महिना मिळाला.

आता आजी.

तू खोटं बोललीस ते वाईट झालं. मी तुला "जाऊ दे गं, होतं असं" म्हणणार नाही, कारण ते तुला नको आहे. तसं हवं असतं तर त्या ताईचं "बरं केलंस" तुला पुरलं असतं. पण तू जेवढी स्वतःला शिक्षा करते आहेस तेवढी करायचं कारण नाही. त्या दिवशी तुझ्या तोंडून जे निघालं ते आधी आठ जणींनी ठरवून ठेवलेलं होतं. तू नवीन, तुला आत्ता कुठे जागा मिळालेली, आणि परीक्षा नेमकी तुझ्यापुढे आली.

रुमालाचं सांगते. अजनीवाल्यांसाठी नागपूरला रुमाल पडतो, तो मला तितकासा खुपत नाही. नागपूर ते अजनी पाच-सात मिनिटांचं अंतर. रोजची बाई, ती येणार हे पक्कं. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. रेल्वे कायदा १९८९, त्याचं १५५ वं कलम सांगतं की जो डबा तुमच्या नावाने राखीव नाही त्यात दुसऱ्याला रीतसर येण्यापासून अडवाल तर दंड. हा रुमाल दारात कोणाला अडवत नाही, पण आतल्या जागेवर कोणाचं नाव असतं का म्हटलं तर नसतं. मेमूत आरक्षण नाही, पास म्हणजे सीट नव्हे. सगळे अपडाऊनवाले हे जाणून असतात आणि तरी रुमाल टाकतात. मीही टाकला आहे. पण बुटीबोरीनंतरचा पोह्यांचा डबा वेगळा. तो कोणासाठीच ठेवलेला नव्हता. येणाऱ्या बाईसाठी धरलेली जागा आणि डब्यासाठी धरलेली जागा, ह्यातला फरक तुला कळला म्हणून तर घास अडकतो आहे.

ताई म्हणते ते "उद्या चार येतात" हे खरंच आहे, बरं का. ती दुष्ट नाही. पंधरा वर्षं ज्या बाईने उभं राहून काढली ती असंच बोलते. आणि चार जणी येतात त्या काय हौसेने येतात? नागपूरची एक गंमत आहे, आपण देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला फार अभिमान. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रस्ते आपल्या स्टेशनात एकमेकांना छेदतात, लहान मुलांनाही शाळेत सांगतात. पण त्या मधोमध असण्याची किंमत मेमूवाला देतो. रूळ तेच, त्यांवरून लांबच्या एक्सप्रेस जाणार, राजधानी जाणार, आता वंदे भारत जाणार, कोळशाच्या मालगाड्या जाणार, आणि उरलेल्या फटीतून तुझी-माझी गाडी. मुंबईच्या लोकलला निदान स्वतःचे रूळ आहेत. १८६७ मध्ये भुसावळकडून आगगाडी नागपूरला आली ती वऱ्हाडातल्या कापसासाठी आली. नंतर कोळसा आला. अपडाऊनवाला ह्या रस्त्याच्या हिशेबात पहिल्यापासून नव्हताच. बोरखेडीला तुझी गाडी चाळीस मिनिटं कडेला टाकतात तेव्हा शेजारून काय धडधडत गेलं ते आठव, उत्तर मिळेल. तिसऱ्या-चौथ्या रुळाचं काम चालू आहे, ते होईल तेव्हा होईल. मेट्रो दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरीपर्यंत जायची आहे, तेव्हा तुमच्या एमआयडीसीवाल्या दोघी एसीत बसून जातील आणि पोह्यांना मुकतील. तोपर्यंत गाडीचे डबे तेवढेच आणि माणसं जास्त. डब्यात किती जणांनी बसायचं तो आकडा भिंतीवर रंगवलेला असतो. एकदा सकाळी तो वाच आणि मग माणसं मोज. हसू येईल.

सीटच्या भांडणात समोरची बाई शत्रू वाटते, आणि ज्यांनी डबा वाढवायचा ते डब्यात कधी नसतात, म्हणून त्यांच्यावर कोणी चिडत नाही. तुमचा ग्रुप जागा धरण्यात एवढा पटाईत आहे, तर त्यातली थोडी हुशारी अर्ज लिहिण्यात घाला. विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या ऑफिसात अर्ज देता येतो. विभागाची प्रवाशांची सल्लागार समितीही असते, तिच्यापुढे डबे वाढवण्याचा मुद्दा नेता येतो. चाळीस पासधारक बायकांच्या सह्या, पास नंबरांसकट, गाडीतच एका सकाळी गोळा होतात. लगेच काही होणार नाही. आम्ही एकदा असा अर्ज दिला होता, उत्तर यायला इतका वेळ लागला की अर्ज लिहिणाऱ्या शाळावाल्या बाई तोवर रिटायर झाल्या होत्या. तरी देच.

आता ग्रुपमध्ये राहून काय करायचं ते. ग्रुप सोडू नकोस. एकट्या बाईला रोजच्या गाडीत ग्रुप लागतो. तुला चक्कर आली तर पाणी तेच देतील, गाडी चुकली तर ऑफिसात फोन तेच करतील. दारापाशी दोन महिने काढलेस म्हणजे गर्दीचा धक्का कोणता आणि मुद्दाम लावलेला हात कोणता हे तुला कळायला लागलं असेल. तसं काही झालं तर ओरडायचं, आणि रेल्वेच्या मदतीच्या नंबरला, १३९ ला, फोन. तेव्हाही शेजारी उभी राहणारी ओळखीचीच बाई हवी. ह्या सगळ्याची किंमत म्हणून ग्रुप तुझ्याकडून एक खोटं मागतो आहे, तेवढंच द्यायचं नाही.

आणि ते भाषण न करता करायचं. "आपण असं वागायला नको" असं डब्यात म्हणालीस की संपलं, उद्यापासून तुझ्यासाठी रुमाल पडणार नाही. त्याऐवजी बुटीबोरी गेली की पोह्यांचा डबा तू मांडीवर घे. नुसता घे. सिंदी यायच्या आत मधला पेपर गोळा कर, आणि दारातून कोणी म्हातारी, कोणी लेकुरवाळी आत शिरताना दिसली की तूच आधी सरक. "या आजी" म्हण, पोह्यांचा डबाही पुढे कर. ताई डोळे वटारेल. वटारू दे. तिला सांग, माझ्या वाटची जागा मी दिली, तुमची नाही. पुढचा अर्धा-पाऊण तास तू उभी राहशील. तुझं वय अठ्ठावीस आहे, सिंदी ते वर्धा उभं राहायला जमतं. एक-दोन आठवड्यांत कोणीतरी दुसरी म्हणेल, "बस तू, आज मी उभी राहते." आमच्यात असंच झालं होतं, आणि ती सुरुवात मी नव्हती केली, सिस्टरने केली होती. मी दोन महिने खिडकीबाहेर बघत बसले होते.

मला जे दिसलं ते एक सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या संध्याकाळी तू वर्ध्याहून कधी परत आलीस का? पहिलंच वर्ष आहे म्हणजे गेल्या दसऱ्याला पाहिलं असशील. आमच्या ग्रुपमध्ये त्या दिवशी रजा टाकायची रीत होती, "दीक्षाभूमीची गर्दी आहे बाई, मरायला कोण जाईल." एका वर्षी मला रजा मिळाली नाही. वर्ध्याला गाडी आली ती भरूनच, पार मराठवाड्यातून आलेली माणसं, पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. पायदानावर पाय टेकवायला जागा नाही. मला वाटलं, गाडी सोडावी. तेवढ्यात आतून एका बाईने माझी पर्स ओढून घेतली, मग मला ओढून घेतलं. सीटवर सहा जणी होत्या. तिने नुसता हात हलवला आणि त्या सहाच्या सात झाल्या. मला विचारलं, "कुठं उतरायचं?" अजनी म्हटलं. "मग बसा की, लांब आहे." ती रात्रभर प्रवास करून आलेली होती, मी सव्वा तासाची प्रवासी, आणि लांबचं मला म्हणत होती. कागदात बांधलेली भाकरी आणि ठेचा तिने मला दिला. मी तो खाल्ला आणि तिला काय द्यावं म्हणून पर्स उघडली तर आत निवडलेली मेथी.

ती गर्दी रोजची नव्हती, एका दिवसाची होती, हे मला मान्य आहे. एका दिवशी सरकणं सोपं असतं, रोज सरकणं कठीण. तरी ती सातवी जागा कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही.

राहिली रूम. नवऱ्याने "रूम कर नाहीतर नोकरी सोड" असं म्हटलं ते त्याने विचार करून म्हटलेलं नाही, कटकट थांबावी म्हणून म्हटलं आहे. त्याला उत्तर देऊ नकोस, पण त्यातला रूमचा अर्धा भाग उचलून नीट बघ. पूर्ण रूम घेतलीस तर भाडं, डिपॉझिट, गॅस, आणि रविवारी नागपूरला आल्यावर आठवड्याचं साचलेलं काम. ते मला पटत नाही. पण वर्ध्यात एखाद्या सहकारी बाईकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून आठवड्याला एक रात्र मुक्काम, हे करून बघण्यासारखं आहे. समजा बुधवार. मंगळवार-बुधवारच्या सुमारास अंग सगळ्यात जास्त मोडतं, सोमवारी उसना उत्साह असतो आणि शनिवारी रविवारचा. एका रात्रीने साडेचार तास वाचतात, आणि त्या संध्याकाळी तुला बोरखेडीच्या सिग्नलची वाट बघावी लागत नाही. सासूबाई काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. महिना-दोन महिने करून बघ, नाही जमलं तर बंद.

निर्णय मात्र उन्हाळ्यात घेऊ नकोस. मे महिन्यात आपल्या इथे कोणालाही नोकरी सोडावीशी वाटते, एवढंच काय संसारही सोडावासा वाटतो. पावसाळा येऊ दे.

काही बारीकसारीक. मासिक पासाऐवजी तिमाही काढ, तीन महिन्यांचे पैसे मासिक पासाच्या २.७ पटच लागतात आणि तीनदा रांगेत उभं राहणं वाचतं. मेमू चुकली म्हणून एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये पास घेऊन चढू नकोस. "सगळेच चढतात" हे टीसीला सांगून उपयोग नसतो. सुपरफास्टला पासावर वेगळा अधिभार लागतो, तोही बघून घे. ज्या दिवशी रुळांच्या कामासाठी ब्लॉक असेल त्या दिवशी सरळ एसटी धर, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रोज एसटी नको, बुटीबोरीच्या ट्रकांमागे रोज बसणं वेगळंच अपडाऊन आहे.

आणि पाणी. हे मात्र मी ओरडून सांगते. गाडीत संडासापर्यंत पोचता येत नाही म्हणून अपडाऊनवाल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी पीत नव्हते. एप्रिल-मेमध्ये नागपूर-वर्धा पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि आपण बाटली पर्समध्ये तशीच भरलेली घरी परत आणतो. त्यापायी मला लघवीच्या जंतुसंसर्गाने दोनदा दवाखाना बघावा लागला, दुसऱ्यांदा तापाने आठ दिवस घरी पडले. घरून निघताना जाऊन ये, ऑफिसात पोचल्या पोचल्या जा, आणि मधे घोट-घोट पीत राहा. वर्ध्याच्या ऑफिसात बायकांसाठी स्वच्छ संडास नसेल तर साहेबाला तो मागायला लाजू नकोस. डब्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं ठेव. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेव, माझ्या आईचा विश्वास होता. पण कांद्याच्या भरवशावर पाणी सोडू नकोस.

पायांत उंच टाचा नकोत. ऑफिसात घालायची चप्पल ऑफिसातच ठेव.

तू विचारलंस, सवय होईल का. होते. आणि मला तीच भीती वाटते तुझ्यासाठी. धक्क्यांची होते, घामाची होते, उशिराची होते, तिथपर्यंत ठीक. पण "येऊन राहिल्या" हे न अडखळता म्हणायचीही सवय होते. मला झाली होती. पोहे घशात अडकतात तोवर तुझं बरं चाललं आहे असं मी समजते.

सिंदीच्या त्या आजी पुन्हा दिसतील. दवाखान्याची फाईल घेऊन निघालेलं माणूस एकदाच जात नाही, तारखा मिळत राहतात. दिसल्या तर माफीबिफी मागत बसू नकोस, त्यांना तू आठवणारही नाहीस. खिडकीकडची जागा दे, सेवाग्रामला त्यांची पिशवी खाली उतरवून दे. आणि नवऱ्याने पहिल्या बुधवारी कोणती भाजी केली ते मला लिहून पाठव. खारट झाली असली तरी लिही.

– काकू